ऑटो कॅलिब्रेशननंतर ओएसएनआर सुधारला, पण बीईआर दुप्पट झाला: पुणे–कोल्हापूर लिंकचे कोडे

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी एका प्रादेशिक दूरसंचार कंपनीच्या ट्रान्समिशन विभागात आहे. आमच्या पुणे–कोल्हापूर डीडब्ल्यूडीएम लिंकवर (एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबींची चॅनेल नेणारी जोडणी) गेल्या महिन्यात जे घडले, त्याचा अर्थ आम्हां कोणालाच नीट लागलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लिंकमध्ये चार स्पॅन, म्हणजे दोन ठाण्यांमधले फायबरचे टप्पे, आहेत: पुणे–शिरवळ ५८ किमी, शिरवळ–सातारा ७१ किमी, सातारा–कराड ६० किमी आणि कराड–कोल्हापूर ८४ किमी. हे आकडे फायबरचे आहेत, रस्त्याचे नाहीत. फायबर सगळीकडे जी.६५२डी, म्हणजे नेहमीचे सिंगल-मोड, आहे. दोन्ही टोकांना रोडॅम (चॅनेल घालणारी-काढणारी यंत्रे) आणि मधल्या तीन ठिकाणी ईडीएफए (प्रकाश वाढवणारे ॲम्प्लिफायर) आहेत. ७५ गिगाहर्ट्झच्या एकूण ४८ जागा असून त्यांपैकी १२ जागांवर ४०० जीची (सेकंदाला ४०० गिगाबिटची) चॅनेल चालतात, उरलेल्या ३६ जागा एएसईच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये आपोआप तयार होणाऱ्या गोंगाटी प्रकाशाच्या, भरणीने भरलेल्या असतात. प्रत्येक जागेला +२ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) या हिशेबाने स्पॅनमध्ये एकूण सुमारे १८.८ डीबीएम शक्ती जाते.

कराड–कोल्हापूर स्पॅनचा तोटा लिंक सुरू करताना १९.५ डीबी होता. महामार्गाच्या रुंदीकरणात केबल वारंवार तुटत गेली आणि प्रत्येक दुरुस्तीबरोबर तो थोडाथोडा वाढून २०.३ वर आला. गेल्या महिन्यात पोकलेनने पुन्हा केबल उखडली, रात्रीतून जोड झाले आणि सकाळी पाहतो तो तोटा २३.६ डीबी. सेवा चालू होती, परंतु मार्जिन कमी झाले होते. पूर्वी अशा वेळी आमचा माणूस कराडला जाऊन गेन (प्रवर्धन) आणि व्हीओए (प्रकाश हवा तेवढा कमी करणारा भाग) हाताने जुळवायचा. या वेळी नव्या नियंत्रकात लिंक आपोआप कॅलिब्रेट करण्याची जी सोय आहे, ती आम्ही प्रथमच वापरली. वीसेक मिनिटांत काम झाले. कराडची शक्ती त्याने प्रत्येक जागेमागे +२ वरून +६ डीबीएमवर नेली आणि पडद्यावरचा अंदाजित ओएसएनआर (प्रकाशातले सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर) २ डीबीहून अधिक सुधारलेला दिसू लागला. मात्र पुण्याहून कोल्हापूरकडे येणाऱ्या सर्व १२ चॅनेलचा एफईसीपूर्व बीईआर (चूक-दुरुस्तीआधीचे चुकीच्या बिटांचे प्रमाण) जवळजवळ दुप्पट झाला. उलट दिशेला, म्हणजे कोल्हापूरहून पुण्याकडे, नियंत्रकाने शक्ती तितकीच वाढवली, तोटाही जवळपास तेवढाच वाढलेला होता, आणि तिथे मात्र बीईआर खरोखरच सुधारला.

पुरवठादाराच्या मदत केंद्राचे उत्तर असे आले की ओएसएनआर सुधारलेला असल्यामुळे कॅलिब्रेशन यशस्वी आहे आणि ट्रान्सपाँडर (चॅनेल पाठवणारी-घेणारी यंत्रे) तपासावेत. बाराच्या बारा ट्रान्सपाँडर एकाच रात्री बिघडले, हे मला पटत नाही. शिवाय वरिष्ठांचा आग्रह आहे की ही सोय कायमची चालू ठेवावी, म्हणजे रात्री-अपरात्री कोणाला कराडला धाडावे लागणार नाही. तसे करणे सुरक्षित आहे का?

---

मंदप्रकाश

तुमच्या प्रश्नातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे: उलट दिशेला बीईआर सुधारला. त्यावरून माझी जवळजवळ खात्री आहे की हे ३ डीबी स्पॅनच्या कोल्हापूरकडील टोकाला पडले आहेत आणि नियंत्रकाने ते कराडच्या दाराशी पडले असे गृहीत धरले आहे. ट्रान्सपाँडर काढायची घाई करू नका.

प्रथम पडद्यावरच्या ओएसएनआरबद्दल. हा आकडा कुठल्याही यंत्राने मोजलेला नसतो. ॲम्प्लिफायरमध्ये किती शक्ती शिरली आणि त्याचा नॉइज फिगर (तो स्वतः किती गोंगाट घालतो) किती, एवढ्यावरून तो काढलेला असतो, म्हणून त्यात फक्त ॲम्प्लिफायरच्या एएसईचा हिशेब येतो. फायबरच्या आत चॅनेल एकमेकांत मिसळून जो नॉनलिनियर नॉइज तयार होतो, तो त्यात धरलेलाच नाही. बिचारा रिसीव्हर मात्र दोन्ही सोसतो. शक्ती १ डीबीने वाढवली की नॉनलिनियर नॉइज घनाच्या प्रमाणात, म्हणजे ३ डीबीने वाढतो, आणि सिग्नलशी तुलना करता परिस्थिती २ डीबीने बिघडते. तुमची शक्ती ४ डीबीने वाढली. तेवढी शक्ती खरोखर फायबरमध्ये शिरली असेल, तर त्या स्पॅनचा नॉनलिनियर हिस्सा ८ डीबीने वाढला. पडद्यावरचा आकडा हसतो आहे आणि बीईआर रडतो आहे, याचे कारण हे.

आता जागेचा मुद्दा, कारण खरे मर्म तिथे आहे. स्पॅनचा एकूण तोटा २३.६ डीबी आहे हे नियंत्रकाला कळते: एका टोकाला शक्ती किती घातली आणि दुसऱ्या टोकाला किती पोहोचली, यांची वजाबाकी. परंतु वजाबाकीला पत्ता नसतो. समजा, पहिल्या दिवसाच्या १९.५ पासून वाढलेले ४.१ डीबी कराडच्या पॅच पॅनेलवरच्या मळलेल्या कनेक्टरमध्ये गेले. मग फायबरमध्ये शिरणारी शक्ती तेवढीच कमी झाली, आणि ती पूर्ववत करायची तर ॲम्प्लिफायरची शक्ती पुरती ४.१ डीबीने वाढवणेच योग्य, कारण काचेला पूर्वीइतकाच प्रकाश मिळेल. आता समजा, तेच ४.१ डीबी कोल्हापूरच्या वेशीवर गेले. या वेळी फायबरच्या पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरांना, जिथे नॉनलिनियर नॉइजचा बहुतांश भाग तयार होतो, पूर्ण शक्ती मिळते आहे. सिग्नलच्या तुलनेत दोन्ही नॉइजची बेरीज ज्या शक्तीला सर्वांत कमी असते, त्या सर्वोत्तम बिंदूवर एएसईचा नॉइज नॉनलिनियर नॉइजच्या दुप्पट असतो. एएसईचा हिस्सा ४.१ डीबीने वाढला, तर नवा सर्वोत्तम बिंदू त्याच्या फक्त एक तृतीयांश वर सरकतो, म्हणजे १.४ डीबीच्या आसपास. तेव्हा तोटा टोकाला असेल तर तुम्ही +३.४ डीबीएमवर थांबायला हवे होते आणि नियंत्रक थेट +६ वर गेला. माझ्या ढोबळ हिशेबाने कॅलिब्रेशन न करता +२ वरच राहिला असतात, तरी त्या स्पॅनची अवस्था आजच्यापेक्षा १ डीबीहून अधिक बरी असती.

उलट दिशेचे पाहा. दोन्ही फायबर एकाच केबलमध्ये आणि बहुधा एकाच क्लोजरमध्ये (जोड बंद करून ठेवायच्या पेटीत) आहेत. पुण्याहून येताना जे शेपूट, ते कोल्हापूरहून निघताना तोंड होते. त्या दिशेला नियंत्रकाचे गृहीतक योगायोगाने बरोबर ठरले आणि बीईआर सुधारला. एकच दोष, एकच उपाय, आणि दोन दिशांना दोन परिणाम: याहून स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते.

यावर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी करून पाहा. पहिली अगदी सोपी आहे. कराडची शक्ती अर्ध्या अर्ध्या डीबीने खाली आणा आणि प्रत्येक पायरीला पाच मिनिटे थांबून बीईआर नोंदवा. पडद्यावरचा ओएसएनआर घसरत असताना बीईआर सुधारत गेला, तर तुम्ही डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आहात, म्हणजे शक्ती गरजेपेक्षा जास्त आहे.

दुसरी जरा अधिक रंजक आहे. फायबरमध्ये शक्ती जास्त असली की उत्तेजित रामन विखुरणामुळे आखूड तरंगलांबीच्या चॅनेलची शक्ती लांब तरंगलांबीच्या चॅनेलकडे झिरपते आणि स्पेक्ट्रम एका बाजूला कलतो. रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात द्रवांमधून विखुरणाऱ्या प्रकाशात जे पाहिले, त्याचेच हे उत्तेजित रूप. हा कल काचेत प्रत्यक्ष किती शक्ती शिरली, याची ग्वाही देतो. कराडच्या बाहेर पडतानाचा आणि कोल्हापूरच्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरण्यापूर्वीचा स्पेक्ट्रम घ्या. ही जोडी एकदा +२ डीबीएमला आणि एकदा +६ डीबीएमला नोंदवा आणि दोन्ही वेळच्या कलातला फरक काढा. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा कल आणि तरंगलांबीनुसार बदलणारा फायबरचा तोटा या वजाबाकीत आपोआप निघून जातो. तोटा कराडला असेल तर हा फरक ०.४ डीबीच्या जवळपास दिसेल, कोल्हापूरला असेल तर १ डीबीच्या जवळपास. ४८ जागा भरलेल्या असल्यामुळे तुम्हाला हा कल स्वच्छ दिसेल. नुसती १२ चॅनेल असती, तर तो चाचपडत शोधावा लागला असता.

कायमस्वरूपी चालू ठेवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ठेवू नका. मागणीनुसार, माणसाच्या देखरेखीखाली चालवा.

---

जोडकाम

मी नियोजनातला माणूस नव्हे. सतरा वर्षे स्प्लायसिंगच्या गाडीवर काढली, त्यातली बरीचशी याच पट्ट्यात. मंदप्रकाश यांनी सांगितलेला कलाचा हिशेब माझ्या डोक्यावरून गेला, पण निष्कर्ष मला मान्य आहे, आणि कारणही जवळपास सांगता येईल.

रात्री पावसात जोड करताना स्प्लाइस (फायबरची टोके वितळवून केलेला जोड) सहसा वाईट होत नाही. मशिन ०.०५ किंवा ०.१ डीबी दाखवते आणि ते बहुधा खरेच असते. प्रत्येक तुटीला दोन जोड आणि मध्ये नव्या केबलचा तुकडा, म्हणजे तोटा ०.२ डीबीच्या आसपास वाढायला हवा. एका दुरुस्तीत ३ डीबी वाढले असतील, तर ते स्प्लाइसमध्ये नसून ट्रेमध्ये, म्हणजे क्लोजरच्या आत फायबर गुंडाळून ठेवतो तिथे, आहेत. फायबर गुंडाळताना वळण लहान झाले, बफर ट्यूब (फायबरभोवतीची संरक्षक नळी) टायने जास्त आवळली गेली, किंवा झाकण लावताना एखादा फेरा काठाखाली चिमटला गेला, असे होते. क्लोजर बंद होईपर्यंत सगळे ठीक असते, झाकण बसले की तोटा येतो, आणि तोवर ओटीडीआरवाला (फायबरमध्ये प्रकाशाचा ठोका सोडून तोट्याची जागा शोधणारा) माणूस गाडीत जाऊन बसलेला असतो. मी स्वतः हे केलेले आहे, म्हणून सांगतो.

ओळखायची खूण साधी आहे. ओटीडीआरचा शॉट १५५० आणि १६२५ नॅनोमीटर या दोन्ही तरंगलांबींना घ्या. वाईट स्प्लाइस दोन्हीकडे जवळपास सारखीच दिसते. वाकलेले फायबर १६२५ ला कितीतरी जास्त गळते. त्याच ठिकाणी १५५० ला अडीच-तीन आणि १६२५ ला पाच-सहा डीबी दिसले, तर तिथे खोदायची किंवा नवे जोड करायची गरज नाही, क्लोजर उघडून ट्रे मोकळा करायचा.

यातून तुमच्या नियंत्रकाबद्दलही एक शंका येते. तो तोटा सुपरव्हायझरी चॅनेलवरून (उपकरणांच्या देखरेखीसाठीच्या वेगळ्या चॅनेलवरून) मोजतो का? तो चॅनेल १५१० च्या आसपास असतो, आणि वाकलेल्या जागेचा तोटा आखूड तरंगलांबीला कमी दिसतो. सरळ फायबरमध्ये मात्र १५१० चा तोटा १५५० पेक्षा जरा जास्तच असतो. म्हणजे दोन चुका विरुद्ध दिशांना, आणि त्या एकमेकींना नेमक्या फेडतील याची खात्री कोणी द्यावी?

शॉट कोल्हापूरच्या बाजूनेही घ्या. लांबच्या टोकाचा दोष कराडहून पाहताना रेघ गोंगाटात बुडालेली असते, जवळून पाहिला की मीटरपर्यंत जागा सापडते. आणि एक विनंती. २३ डीबीएमच्या आसपास शक्ती चालू असताना कोणीही पॅच कॉर्ड ओढू नये. मळलेल्या कनेक्टरचे टोक त्या शक्तीला जळते आणि मग जो तोटा होतो, तो कुठल्याही कॅलिब्रेशनने भरून निघत नाही. डोळ्यांचा प्रश्न तर वेगळाच. आपोआप शक्ती कमी करणारी सुरक्षा चालू असली तरी आधी लेझर बंद, मग हात.

---

उंबरठा

मी अशा नियंत्रकांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी आहे, तुमच्या पुरवठादाराकडे नव्हे, त्यामुळे त्यांच्या आतल्या गोष्टी सांगू शकत नाही. सर्वसाधारण चित्र मात्र देतो, कारण वरच्या चर्चेत नियंत्रक थोडा अधिकच मूर्ख ठरवला गेला आहे.

प्रत्येक स्पॅनसाठी प्रणालीत साधारणपणे लांबी, प्रति किलोमीटर तोटा, आरंभीच्या कनेक्टरचा तोटा आणि अखेरच्या कनेक्टरचा तोटा असे रकाने असतात. जीएनपाय या मुक्तस्रोत साधनातही आरंभ आणि अखेर यांचे मापदंड वेगवेगळे आहेत. सुरुवातीला कोणीतरी हे रकाने प्रमाणित आकड्यांनी भरतो आणि नंतर ते कोणी पाहत नाही. पुढे मोजलेला तोटा या बेरजेपेक्षा जास्त भरला, की उरलेला फरक कुठेतरी टाकावाच लागतो. तुमच्याकडे तो सगळा आरंभीच्या रकान्यात पडलेला दिसतो. ही निवड कोणी मुद्दाम केली असेल असे नाही. एखाद्या प्रोग्रामरने सोयीची ओळ लिहिली असेल आणि ती राहून गेली असेल. रकाने उघडून पाहा, बहुधा ते हाताने बदलता येतात. ओटीडीआरने जागा कळली की तोटा योग्य रकान्यात घाला आणि कॅलिब्रेशन पुन्हा चालवा, तेच यंत्र शहाण्यासारखे वागेल.

कायमस्वरूपी चालू ठेवण्याबाबत मी मंदप्रकाश यांच्याशी पूर्ण सहमत नाही. चार स्पॅनच्या एका लिंकवर माणूस बसवता येतो, चाळीस लिंकवर नाही. अडचण सातत्यात नाही, ते कोणत्या बंधनांखाली चालते यात आहे. ॲम्प्लिफायरचा गेन स्थिर ठेवणारे नियंत्रणाचे वर्तुळ अतिशय वेगवान असते, कारण एकाएकी चॅनेल गेल्यावर उरलेल्यांवर शक्तीचा लोंढा येऊ नये हे त्याचे काम. रोडॅममधली चॅनेलनिहाय समतोलाची प्रक्रिया त्यापेक्षा खूप संथ असते. लिंकचे कॅलिब्रेशन या दोहोंहूनही संथ हवे, आणि ते नेहमी प्रवाहाच्या दिशेने, एका स्पॅननंतर दुसरा, असे चालायला हवे. शिरवळ स्थिरावल्याशिवाय साताऱ्याला हात लावायचा नाही. एकाच वेळी सगळ्यांनी दुरुस्ती सुरू केली, तर वरच्याने केलेली वाढ खालचा कमी करतो, ती पाहून वरचा पुन्हा वाढवतो आणि शक्तीचा पाठशिवणीचा खेळ सुरू होतो. मी हे प्रयोगशाळेत पाहिले आहे. पडद्यावर समुद्राच्या लाटेसारखी सुंदर वक्ररेषा येते आणि पोटात गोळा येतो.

म्हणून आमच्याकडे तीन कुंपणे घालतात. अर्ध्या डीबीच्या आतला बदल दुर्लक्षित करायचा. एका फेरीत कोणत्याही ॲम्प्लिफायरला १ डीबीहून अधिक हलवायचे नाही. आणि प्रत्येक पायरीनंतर बीईआर बिघडला तर ती पायरी मागे घेऊन थांबायचे आणि माणसाला हाक मारायची. तुमच्या नियंत्रकाने ४ डीबीची उडी एकदम घेतली आणि बीईआरकडे पाहिलेच नाही, ही माझ्या मते त्याची खरी उणीव आहे. रिसीव्हर हा त्या लिंकवरचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार, आणि त्यालाच कोणी विचारले नाही.

---

मंदप्रकाश

उंबरठा यांची कुंपणे मला मान्य आहेत, पण त्यांत एक नाही आणि माझी भीती तीच आहे. अर्धा डीबी दुर्लक्षित, मग हळूच दुरुस्ती, पुन्हा अर्धा डीबी, पुन्हा दुरुस्ती. असे करत दोन वर्षांत स्पॅन ४ डीबीने खचतो आणि सेवा तोवर व्यवस्थित चालू असल्यामुळे कोणालाच कळत नाही. मग एक दिवस ॲम्प्लिफायर आपल्या कमाल शक्तीला टेकतो आणि पुढच्या छोट्याशा जोडाला सगळे एकदम कोसळते. हाताने जुळवणारा माणूस निदान वहीत लिहून ठेवायचा की कराडला पुन्हा गेन वाढवावा लागला. कॅलिब्रेशन म्हणजे आधी मोजणे आणि मग सुधारणे. सुधारणा तेवढी उरली आणि मोजलेल्याची नोंद गेली, तर ते झाकपाक ठरते. १९.५ डीबी हा पहिल्या दिवसाचा आकडा यंत्राने कधीही पुसू नये आणि त्यापासून दीड डीबी दूर गेल्यावर, सेवा कितीही चांगली असली तरी, क्षेत्रीय पथकाच्या नावे तक्रार आपोआप निघावी.

---

उंबरठा

हे मान्य. आमच्याकडे चालू तोट्याचा आलेख असतो, पण त्याची तुलना मागच्या कॅलिब्रेशनशी होते, पहिल्या दिवसाशी नाही. सोमवारी हा मुद्दा मांडतो.

---

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी उत्तर देतो आहे, कारण रात्रीची परवानगी मिळायला तेवढा वेळ लागला.

प्रथम मंदप्रकाश यांनी सांगितल्याप्रमाणे कराडची शक्ती अर्ध्या डीबीने उतरवत गेलो. +६ पासून +४ पर्यंत प्रत्येक पायरीला बाराही चॅनेलचा बीईआर सुधारत गेला आणि पडद्यावरचा ओएसएनआर त्याच वेळी घसरत होता. +३.५ च्या आसपास सुधारणा थांबली आणि त्याखाली पुन्हा बिघाड सुरू झाला. हे पाहताना आमच्या वरिष्ठांचा चेहरा पाहण्यासारखा होता. त्यानंतर +२ आणि +६ या दोन शक्तींना स्पेक्ट्रमच्या जोड्या घेतल्या. कलातला फरक ०.९ डीबी आला. म्हणजे तोटा आमच्याच दाराशी, कोल्हापूरला.

कोल्हापूरहून ओटीडीआर लावला. कराडपासून मोजले तर ७९ व्या किलोमीटरला, म्हणजे शिरोलीच्या अलीकडच्या, त्या रात्री बसवलेल्या क्लोजरमध्ये १५५० ला ३.३ डीबी आणि १६२५ ला ६ डीबीहून अधिक. जोडकाम यांचे शब्द जसेच्या तसे. दोन्ही दिशांचे लेझर बंद करून क्लोजर उघडला, तेव्हा ट्रेच्या तोंडाशी आमच्या दोन्ही फायबरची बफर ट्यूब प्लॅस्टिकच्या टायने इतकी आवळलेली होती की ती चपटी झाली होती. टाय कापला आणि कोल्हापूरच्या खोलीत मीटरपाशी बसलेल्या सहकाऱ्याने फोनवर जे ओरडून सांगितले, ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण आनंदाचे होते. ट्यूबचा तो भाग सोलून फायबर मोठ्या फेऱ्यात बसवले आणि झाकण लावल्यावर, पुन्हा सांगतो, झाकण लावल्यावर, दोन्ही तरंगलांबींना शॉट घेतला. स्पॅनचा तोटा आता २०.४ डीबी आहे.

नियंत्रकाचे रकानेही उघडले. सगळा अतिरिक्त तोटा खरोखरच आरंभीच्या रकान्यात पडत होता. तो तिथून काढला आणि कॅलिब्रेशन पुन्हा चालवले. कराडला त्याने +२.४ डीबीएम ठरवले आणि बीईआर गेल्या महिन्यातल्या तुटीपूर्वी होता तिथे परत आला. सुपरव्हायझरी चॅनेलबद्दलची शंकाही खरी निघाली: टाय कापण्यापूर्वी १५१० वरून काढलेला तोटा प्रत्यक्ष सिग्नलवरून काढलेल्या तोट्यापेक्षा ०.६ डीबीने कमी भरत होता, तो फरक आता जवळपास नाहीसा झाला आहे. दोन्ही आकडे रोज नोंदवण्याची व्यवस्था केली आहे, कारण त्यांच्यातली तफावत वाढू लागली तर कुठेतरी फायबर वाकते आहे, असा अंदाज ओटीडीआर न लावताही येईल असे वाटते.

कायम चालू ठेवण्याबाबत तूर्त तडजोड झाली आहे. यंत्र रोज पहाटे मोजेल, किती बदल करावासा वाटतो ते सांगेल आणि बदल मात्र सकाळी माणसाने मान्य केल्यावरच होईल. पहिल्या दिवसाचे चारही आकडे वेगळ्या फाइलमध्ये कुलूपबंद केले. ते शोधताना असे लक्षात आले की शिरवळ–सातारा स्पॅनचा पहिल्या दिवसाचा आकडा कोणाकडेच नाही. तिथे आज १८.१ डीबी दिसतात. ७१ किमीला हे थोडे जास्त आहे आणि त्यातले किती जन्मापासूनचे व किती नंतरचे, ते सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात तिथे दोन्ही बाजूंनी शॉट घेणार आहोत. आकडे आले की इथेच टाकतो.

---

जोडकाम

खंबाटकीच्या आसपासचे क्लोजर आधी पाहा. आणि टायऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या वापरायला लावा, ट्रेच्या तोंडाशी तरी.